मदत आहे, विद्या कोठें आहे?

दसरा-दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यांतील किंवा वऱ्हाडांतील कोणत्याहि मोठ्या बाजारसमितीच्या आवारांत घटकाभर उभें राहिलें, म्हणजे एक देखावा हटकून दृष्टीस पडतो. सोयाबीनचीं पोतीं काट्याजवळ उतरलेलीं असतात. ओलावा मोजण्याच्या यंत्रांत मूठभर दाणे पडतात. यंत्रावर १८ चा आंकडा उमटतो. आणि "माल ओला आहे, इतकी कट्टी बसेल," हें वाक्य शेतकऱ्याच्या कानीं येतें. "इतकी" म्हणजे किती, आणि ती इतकीच कां, हा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाहीं. ज्या माणसानें चार महिने आभाळाकडे पाहून पिकाचें प्रत्येक पान ओळखलें, तो काट्यापुढें मुका होतो.

वास्तविक हा हिशेब शाळेंतील त्रैराशिकापलीकडचा नाहीं. शंभर किलो मालांत १८ टक्के ओलावा असेल, तर त्यांत कोरडा माल ८२ किलो. तोच माल वाळवून १२ टक्के ओलाव्यावर आणला, तर त्याचें वजन ९३ किलोंच्या किंचित् वर भरेल. म्हणजे निव्वळ पाण्याची वजावट करावयाची, तर ती शंभरीं सुमारें ७ किलोंची होते. वाळवणीचा खर्च आणि घट यांसाठीं व्यापाऱ्यानें आणखी कांहीं मागितलें, तर तें रास्त कीं गैररास्त यावर वाद घालतां येईल. पण वाद घालावयाचा तर अगोदर ७ चा आंकडा ठाऊक असला पाहिजे. सरकारी खरेदींत सोयाबीनच्या ओलाव्याची नेहमींची मर्यादा १२ टक्क्यांची. २०२४ च्या हंगामांत ती १५ टक्क्यांपर्यंत सैल करण्यांत आली. ही बातमी किती शेतकऱ्यांस माल विकण्यापूर्वीं समजली आणि किती जणांस विकल्यानंतर, याचा विचार ज्याचा त्यानें करावा.

आमच्या मतें शेतकऱ्याच्या प्रश्नाचें मर्म या ७ च्या आंकड्यांत आहे. शेतकऱ्यास मदत मिळत नाहीं, ही ओरड जुनी आहे व पुष्कळ अंशीं खरीहि आहे. परंतु आज जी मदत आहे ती पदरांत पाडून घेण्यास, आणि पदरांत पडल्यावर टिकविण्यास, जी विद्या लागते ती शिकविण्याची सोय फारच थोड्या ठिकाणीं आहे. आणि ही ओरड मात्र कोणी करीत नाहीं. पेरावें कसें हें सांगणारे पुष्कळ आहेत. तोलावें कसें, साठवावें कसें, हिशेब कसा ठेवावा, कोणत्या कागदावर सही करावी व कोणत्यावर करूं नये, हें सांगणारा मनुष्य तालुक्याच्या गांवींहि शोधावा लागतो. शेतकऱ्याचें शिक्षण बांधापर्यंत येऊन थांबतें, आणि त्याचें नुकसान बांधापलीकडे सुरू होतें.

ही गोष्ट आजकालची नव्हे. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांविरुद्ध दंगा केला, व तो पुणें आणि अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) या जिल्ह्यांत पसरला. दंगेवाल्यांनीं मुख्यतः काय मागितलें? कर्जरोखे! ते हातीं येतांच त्यांनीं ते जाळले. ज्या कागदावर आपला अंगठा आहे, पण ज्यांत लिहिलें आहे काय तें आपणांस वाचतां येत नाहीं, तो कागदच शत्रु वाटावा यांत नवल नाहीं. पुढें चौकशी होऊन १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, आणि रोख्याच्या मुळाशीं जाऊन हिशेब तपासण्याचा अधिकार कोर्टास मिळाला. कायदा चांगला होता. परंतु हिशेब कोर्टानें तपासावा एवढीच त्यांत योजना होती. तो शेतकऱ्यास स्वतःच्या ओसरीवर बसून तपासतां यावा, अशी योजना कोणी केली नाहीं. चारच वर्षांनीं, १८८३ सालीं, महात्मा जोतीराव फुले यांनीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून शेतकऱ्याच्या दैन्याचें मूळ त्याच्या अविद्येंत आणि त्या अविद्येवर पोसणाऱ्या वर्गांत आहे, असें रोखठोक सांगितलें. त्यानंतर कर्जरोख्याची जागा दुसऱ्या कागदांनीं घेतली. पण न वाचतां सही करण्याची संवय अद्याप गेली नाहीं.

विद्येच्या बाजूनें मध्यंतरीं कांहींच झालें नाहीं असें म्हणणें मात्र कृतघ्नपणाचें होईल. पुण्यास १८७९ सालीं शेतकीचें उच्च शिक्षण सुरू झालें आणि १९०७ सालीं स्वतंत्र शेतकी महाविद्यालय उभें राहिलें. स्वराज्य आल्यावर राहुरी (१९६८), अकोला (१९६९), परभणी व दापोली (१९७२) अशीं चार कृषि विद्यापीठें महाराष्ट्रांत निघालीं. १९७४ सालीं पुदुच्चेरी येथें देशांतील पहिलें कृषि विज्ञान केंद्र सुरू झालें. आज देशांत अशीं ७०० हून अधिक केंद्रें आहेत. २००४ पासून शेतकऱ्यास दूरध्वनीवरून आपल्या भाषेंत सल्ला विचारण्याची सोय आहे. राहुरीच्या ‘भगवा’ डाळिंबानें अवर्षणग्रस्त मुलखांत कित्येक घरांस पैसा दाखविला. वेंगुर्ल्याच्या काजूच्या कलमांनीं कोंकणांतील कातळास किंमत आणली. हें ऋण आम्ही मनापासून मान्य करितों. आमचें म्हणणें एवढेंच कीं, या विद्येचा रोख आजवर मुख्यतः झाडाकडे राहिला, झाडाच्या मालकाकडे फार थोडा गेला. पीक वाढलें तर शेतकरी वाढेलच, असें गृहीत धरलें गेलें. तें गृहीत खरें ठरलें नाहीं, हें प्रत्येक सुगीस भाव कोसळतांना आपण पाहतोंच.

आतां मदतीचीच गोष्ट घेऊं, आणि आमचें म्हणणें पोकळ नाहीं हें आंकड्यांनींच दाखवूं.

२००३ सालीं कंपनी कायद्यांत ‘उत्पादक कंपनी’ हा नवा प्रकार आला. किमान दहा शेतकऱ्यांनीं एकत्र यावें, आपली कंपनी नोंदवावी, माल एकत्र करून विकावा, आणि भाग कितीहि असले तरी एका सभासदास एकच मत असावें, अशी ही मोठी सुंदर कल्पना आहे. २०२० सालीं केंद्रसरकारनें अशा १०,००० शेतकरी उत्पादक संघटना उभारण्याची योजना जाहीर केली. प्रत्येक संस्थेस तीन वर्षांत १८ लाख रुपयांपर्यंत खर्चाची मदत, आणि सभासद घालतील तितकेंच भांडवल सरकारकडून, दर सभासदामागें २,००० व दर संस्थेमागें १५ लाख रुपयांच्या मर्यादेंत, असें तिचें स्वरूप होतें. २०२५ च्या फेब्रुवारींत दहा हजारावी संस्था नोंदली गेल्याचें जाहीर झालें. संख्या पुरी झाली, हें अभिनंदनीयच आहे. पण पुढें काय?

वकिलीच्या निमित्तानें अशा कंपन्यांचे संचालक आमच्याकडे येतात. ते लबाड नसतात. उलट गांवांतील सर्वांत होतकरू माणसें तींच असतात. त्यांच्या हातांत एक नोटीस असते, आणि ती कशाची हें त्यांस ठाऊक नसतें. कंपनीनें दरवर्षीं ताळेबंद आणि वार्षिक विवरण अशीं दोन पत्रकें सरकारांत दाखल करावयाचीं असतात. उशीर झाला, तर प्रत्येक पत्रकामागें दररोज १०० रुपये जादा फी चढत जाते. दोन पत्रकें एक वर्ष राहिलीं, तर ही रक्कम ७३,००० रुपये होते! ज्या कंपनीनें वर्षभरांत चार ट्रक तूर विकून पन्नास हजारांचा नफा केला, तिचा नफा न पाठविलेल्या दोन कागदांनीं गिळला. ओळीनें तीन वर्षें पत्रकें गेलीं नाहींत, तर ते संचालक पांच वर्षेंपर्यंत कोणत्याहि कंपनीच्या संचालकपदास अपात्र ठरतात. म्हणजे ज्यांनीं गांवासाठीं पुढाकार घेतला, त्यांचींच नांवें सरकारी दप्तरांत बाद होतात, आणि पुन्हां पुढाकार घेण्याची त्यांची व त्यांच्या शेजाऱ्यांची इच्छाहि तेथेंच मरते. सरकारनें पैसे दिले नाहींत असें येथें कोणी म्हणूं शकणार नाहीं. पैसे दिले, जमाखर्च शिकविला नाहीं.

दुसरें उदाहरण साठवणीचें. सुगीस सर्वांचा माल एकदम येतो, भाव पडतो, आणि तरीहि शेतकरी त्याच आठवड्यांत विकतो. कारण देणेकरी दारांत बसलेला असतो. यावर उपाय म्हणून राज्याच्या पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे. सोयाबीन, तूर, मूग, उडीद, हरभरा यांसारखा माल बाजारसमितीच्या गोदामांत ठेवावा, त्याच्या किंमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजानें १८० दिवसांसाठीं घ्यावी, आणि भाव बरा आला म्हणजे विकावें, असा तिचा मतलब. समजा, एका शेतकऱ्याजवळ २० क्विंटल माल आहे व भाव क्विंटलास ४,००० रुपये आहे. मालाची किंमत ८०,००० रुपये झाली. त्यावर ६०,००० रुपये हातीं आले, व देणेकऱ्याचें तोंड बंद झालें. सहा महिन्यांचें व्याज सुमारें १,८०० रुपये. या अवधींत भाव क्विंटलामागें १०० रुपयांनीं जरी चढला, तरी २,००० रुपये मिळून व्याज भागतें. ४०० रुपयांनीं चढला, तर ८,००० रुपये येतात. भाव उलट पडलाहि असता, आणि तो धोका शेतकऱ्यास स्पष्ट सांगितलाच पाहिजे. परंतु धोका पत्करावयाचा कीं नाहीं हें ठरविण्यासाठीं हा चार ओळींचा हिशेब त्याला करतां यावयास नको काय? २००७ सालीं वखारींच्या नियमनाचा कायदा होऊन गोदामाची पावती बँकेंत तारण ठेवण्यासारखी हस्तांतरणीय झाली. पण ती पावती आणि काट्यावरची साधी चिठी यांतील भेद ज्यास कोणी समजावून दिला नाहीं, त्याच्या दृष्टीनें दोन्ही कागद सारखेच!

जी गोष्ट धान्याची, तीच घरगुती खाद्यपदार्थांची. २०२० सालीं लहान अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीं केंद्राची योजना निघाली. तींत भांडवली खर्चाच्या ३५ टक्के, परंतु १० लाख रुपयांपर्यंत, अनुदान आणि बचतगटांतील खाद्यपदार्थ करणाऱ्या प्रत्येक सभासद स्त्रीमागें ४०,००० रुपयांपर्यंत बीजभांडवल ठेवण्यांत आलें. पण पापड, लोणचें किंवा मसाला उत्तम करणारी स्त्री पुडीवर निव्वळ वजन, घटक, तयार केल्याची तारीख व नोंदणीचा १४ आंकडी क्रमांक घालावयास चुकली, तर तिची पुडी शहरच्या दुकानांत उभी राहूं शकत नाहीं. मुंबईंत १९५९ सालीं सात स्त्रियांनीं ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास सुरुवात केली व त्यांतून ‘लिज्जत’ची प्रचंड संस्था उभी राहिली, ती केवळ पापडाच्या चवीवर नव्हे, मोजून दिलेलें पीठ, तपासून घेतलेला पापड आणि चोख हिशेब यांवर.

विद्या अगोदर व भांडवल मागाहून, हा क्रम इतर राष्ट्रांनीं पाळून पाहिला आहे. डेन्मार्कचें उदाहरण या बाबतींत प्रसिद्धच आहे. १८६४ च्या युद्धांत त्या चिमुकल्या देशाचे दोन प्रांत गेले, आणि पुढें अमेरिकेच्या स्वस्त गव्हानें त्याच्या शेतकऱ्याची बाजारपेठ बुडविली. तेव्हां तो देश सांवरला तो कोणाच्या दानावर नव्हे. १८४४ पासून तेथें खेड्यापाड्यांतील तरुणांसाठीं हिवाळ्यांत भरणाऱ्या लोकशाळा निघाल्या होत्या. त्यांत शिकलेली पिढी १८८२ सालीं पहिली सहकारी दुग्धशाळा काढण्याच्या वेळीं तयार होती; म्हणून एकीच्या पुढच्या दहा वर्षांत शेंकडों झाल्या आणि टिकल्या. सभा कशी चालवावी, हिशेब कसा वाचावा आणि बहुमत आपल्याविरुद्ध गेलें तरी संस्था कां सोडूं नये, हें सभासद अगोदरच शिकला होता.

परंतु डेन्मार्कपर्यंत जाण्याचें कारणच नाहीं. नाशिक-सांगलीकडचे आपले द्राक्षबागाईतदार पाहा. १९६० च्या सुमारास त्यांनीं आपला संघ काढला. छाटणीच्या आधीं एकत्र बसून चर्चा करावयाची, तज्ज्ञास प्रश्न विचारावयाचे, एकमेकांच्या बागा पाहावयाच्या, अशी शाळा त्यांनीं स्वतःच भरविली. १९९१ सालीं त्यांच्या सहकारी संस्थांनीं ‘महाग्रेप्स’ स्थापून युरोपचा बाजार गांठला. सुरुवातीस माल नाकारला गेला, तेव्हां माल थंड करणें, निवडणें आणि पेटी भरणें हें सारें ते नव्यानें शिकले. २०१० सालीं वेलींची वाढ रोखण्यासाठीं वापरलेल्या एका औषधाचा अंश द्राक्षांत सांपडल्यामुळें युरोपांत माल अडकला व बागाईतदारांस मोठा फटका बसला. अशा धक्क्यानंतर एखाद्या असंघटित पिकाचा शेतकरी देशोधडीस लागला असता. हे लागले नाहींत. कोणतें औषध केव्हां बंद करावयाचें व तपासणी कोठें करावयाची याचें शिक्षण त्यांनीं पुढच्या छाटणीपूर्वीं घेतलें. द्राक्षास पाऊस व गारा आजहि सोडीत नाहींत. पण द्राक्षवाल्यास अडाणी म्हणून कोणी फसवूं धजत नाहीं. जें द्राक्षाला साधलें, तें तुरीला आणि ज्वारीला कां साधूं नये?

येथें आमचे व्यापारी वाचक मनांत म्हणतील कीं, संपादक आम्हांस चोर ठरवूं पाहतात. तसा आमचा मुळींच हेतु नाहीं. उलट, शिकलेला शेतकरी हा प्रामाणिक व्यापाऱ्याचा सर्वांत मोठा मित्र आहे, असें आमचें ठाम मत आहे. जो माल वाळवून, चाळून, प्रत लावून आणतो, त्याच्या मालावर दलालास रात्र काढावी लागत नाहीं. ज्यास कट्टीचा हिशेब समजतो, तो खऱ्या कट्टीवर भांडत नाहीं. आज आवारांत जो अविश्वास भरला आहे, त्याची किंमत चांगला व्यापारीहि देतो. कारण शेतकऱ्याच्या दृष्टीनें चांगला व वाईट असा भेद करण्याचें साधनच नसल्यामुळें तो दोघांसहि एकच शिवी देतो. काटा मारणाऱ्याचें भांडवल शेतकऱ्याचें अज्ञान हें आहे. सचोटीनें व्यापार करणाऱ्यास त्या भांडवलाची गरज नाहीं.

दुसरा आक्षेप असा येईल कीं, शेतकऱ्यास शिकण्यास वेळ कोठें आहे? सोयाबीन-तुरीच्या कोरडवाहू मुलखांत पाडव्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंतचा महिना तुलनेनें मोकळा असतो. रबी घरांत आलेली असते व खरिपाची घाई लागावयाची असते. त्या महिन्यांत प्रत्येक तालुक्याच्या बाजारसमितीनें आपल्याच आवारांत, लिलाव संपल्यावर, रोज दोन तास शाळा भरवावी. पांचच विषय पुरेत: वजन, ओलावा व प्रतवारी, साठवण व तारण, जमाखर्च, करार आणि संस्थेचे कायदे, खाद्यपदार्थाचें वेष्टन व नोंदणी. शिकवावयाचें तें पुस्तकावरून नव्हे, तर खऱ्या काट्यावर, खऱ्या हिशेबपट्टीवर आणि खऱ्या पावतीवर. कृषि विज्ञान केंद्रानें तज्ज्ञ द्यावा. बँकेनें आपला अधिकारी पाठवावा. गांवांतील हिशेब तपासनीस, वकील आणि सेवानिवृत्त शिक्षक यांनीं पाळीपाळीनें तास घ्यावे. आणि व्यापाऱ्यांनीं स्वतः येऊन आपण माल कसा पारखतों हें उघडपणें दाखवावें. खर्चापुरती रक्कम समितीच्या बाजार फीच्या उत्पन्नांतून सहज निघेल. ती फी अखेर या मालावरच जमा होते.

या शाळेची एक अट मात्र आम्ही आग्रहानें मांडतों. प्रवेशासाठीं सातबाऱ्याचा उतारा मागूं नये. पेरणी, खुरपणी, वेंचणी, वाळवण, साठवण हीं कामें ज्या हातांनीं होतात ते हात बहुतेक स्त्रियांचे आहेत. पण उताऱ्यावर नांव बहुधा पुरुषाचें असतें, आणि उताऱ्यावर नांव नाहीं म्हणून तिला सरकारदरबारीं शेतकरी म्हणत नाहींत. जो दुसऱ्याची जमीन बटाईनें करितो, त्याचीहि हीच अवस्था. मदत देतांना सरकारनें कागद पाहिला, तर त्यास सबब सांगतां येईल. विद्या देतांना आपण कागद पाहिला, तर आपणांस कोणतीहि सबब नाहीं. घरांतील धान्याचें पोतें केव्हां उघडावयाचें हें जी ठरविते, तिला तारणाचा हिशेब शिकविला तर तो त्या घरांत पिढ्यानपिढ्या टिकेल.

हें सर्व सरकारनेंच केलें पाहिजे, असें म्हणून स्वस्थ बसणें सोपें आहे. सरकारकडून जें यावयाचें तें मागण्यास आम्ही कधींच कचरणार नाहीं; विद्यापीठांनीं आपल्या पदवीच्या अभ्यासक्रमांत बाजाराचा व संस्थांच्या जमाखर्चाचा विषय अधिक मोलाचा करावा, आणि प्रत्येक नव्या संस्थेस पैशाचा हप्ता देण्यापूर्वीं तिच्या संचालकांस महिनाभर शिकवावें, ही मागणी आम्ही येथेंच नोंदवून ठेवितों. परंतु राष्ट्राचें काम राष्ट्रांतील शिकलेल्या लोकांनीं करावयाचें असतें. जो सुशिक्षित शहरवासी दोन वेळां शेतकऱ्याचें अन्न खातो आणि त्याच्या अडाणीपणाची थट्टा करितो, त्यानें वर्षांतून आठ संध्याकाळीं त्यास हिशेब शिकविला, तर त्या अन्नाचें ऋण थोडें तरी फिटेल. आमच्या तालुक्याच्या समितीनें येत्या पाडव्यास अशी शाळा काढली, तर करार व कायद्याचे तास आम्ही स्वतः विनामूल्य घेऊं, हें अभिवचन या लेखानें देत आहों. हिशेब शिकविण्यास कोण पुढें येतो, याची वाट पाहतों.

१८७५ च्या शेतकऱ्यानें कागद जाळला, कारण तो त्याला वाचतां येत नव्हता. आजच्या शेतकऱ्याला अक्षरें वाचतां येतात. कागद मात्र अद्याप वाचतां येत नाहीं. तो त्याला वाचतां आला, म्हणजे पुढच्या दिवाळींत काट्यावर १८ चा आंकडा उमटेल तेव्हां, "इतकी म्हणजे किती?" असें तो शांतपणें विचारील, आणि उत्तर देणाऱ्यास आंकडा जपून सांगावा लागेल. ज्या दिवशीं हा प्रश्न आपल्या आवारांत सहज ऐकूं येईल, त्या दिवशीं शेतकऱ्यास दिलेली मदत त्याच्या घरीं पोंचली, असें आम्ही समजूं.